तानपुऱ्याच्या कसोटीवर दोन हजारांचा इयरफोन

जून महिन्यात माझ्या गाण्याच्या क्लासची नवी बॅच सुरू झाली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हिला रियाजासाठी कोणता इयरफोन घेऊन देऊ?" प्रश्न रास्त आहे. हल्ली बहुतेक मुली फोनवरच्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर रियाज करतात, आणि फोनच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा सा, बाहेर येतच नाही. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणाऱ्या मुलीच्या तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे 104 हर्ट्झला बोलते. फोनचा तो चिमुकला स्पीकर तिथे जवळजवळ मुका असतो. वरचे नाद तेवढे ऐकू येतात, त्यावरून कान खालच्या सुराचा अंदाज बांधतो, पण आवाज टेकवायला हक्काची जागा मिळत नाही. मग मुली चढ्या लागतात आणि आपण त्यांना रागावतो.

दरवर्षी एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा यंदा नीट लिहूनच काढते. मी स्वतः गेले काही महिने मूनड्रॉपचा चू 2 हा तारेचा इयरफोन वापरतेय: रियाजाला, क्लासच्या तयारीला, आणि डोंबिवली-दादर लोकलमध्येही. बाकीचे लोक इयरफोन ज्या गाण्यांवर तपासतात ती माझी गाणी नाहीत. मला तानपुरा, तबला, पेटी आणि माणसाचा गळा ऐकायचा असतो. त्यामुळे हे परीक्षण तसंच आहे.

आधी कामापुरती माहिती. मूनड्रॉप ही चीनमधल्या चेंगदूची कंपनी. चू 2 आला 2023 साली. आपल्याकडे तो दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. प्रत्येक कानात 10 मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), पडदा अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, कवच धातूचं. हातात घेतला की किमतीच्या मानाने वजनदार लागतो. पहिल्या चूची तार कायमची जोडलेली होती, या दुसऱ्याची मात्र काढता-घालता येते. मला विचाराल तर निम्मे पैसे इथेच वसूल होतात. इयरफोन मरतो तो बहुतेक वेळा तारेपायी, जॅकच्या गळ्याशी. आधीच्या एका इयरफोनला मी वर्षभर जॅकपाशी दोरा गुंडाळून जगवलं होतं, शेवटी एक कान गेलाच. इथे तार गेली तर 0.78 मिलिमीटरच्या दोन पिनांची तार काही शे रुपयांत मिळते आणि इयरफोन तसाच पुढे चालतो.

"ताई, पण आता तारेचं कोण घेतं?" हाही प्रश्न येतोच. याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण दुकानदार हे सांगत नाही.

नुसतं ऐकायचं असेल किंवा तानपुऱ्याबरोबर नुसतं गायचं असेल, तर ब्लूटूथने काही बिघडत नाही. जे कानावर येतं त्याच्याबरोबर आपण गातो, ते थोडं उशिरा आलं तरी आपल्याला कळतही नाही. खरी अडचण होते मुलगी तबल्याबरोबर गाऊन स्वतःचं रेकॉर्डिंग करते तेव्हा. बहुतेक ब्लूटूथ इयरबड्समध्ये आवाज कानापर्यंत पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आता हिशोब करा. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा असतील तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. म्हणजे मुलगी तिच्या कानाने अगदी बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते, पण रेकॉर्डिंगमध्ये तबला वेळेवर असतो आणि तिचा आवाज पाऊण मात्रा मागे. पोरगी बिचारी स्वतःला बेताली समजून बसते. असं रेकॉर्डिंग मला पाठवून "ताई, माझं काय चुकतंय?" म्हणून विचारणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

दुसरी गोष्ट आणखी वाईट. ब्लूटूथवरचा माइक चालू झाला की पुष्कळ इयरबड्स फोनवर बोलायच्या पद्धतीवर जातात. त्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8 किंवा 16 हजारच नमुने घेतले जातात, त्यामुळे 4 किंवा 8 हजार हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही, आणि दोन्ही कानांत एकच आवाज येतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेतली ती झिणझिण, तिथेच गळते. ऑनलाइन क्लासला मुलीला तानपुरा पत्र्यावर वाजवल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. तारेला या दोन्ही व्याधी नाहीत, आणि चार्जिंग विसरलं म्हणून रियाज बुडत नाही.

आता इयरफोनकडे वळते. पण त्याच्या आवाजाबद्दल एक अक्षर लिहिण्याआधी कानात तो नीट बसवण्याबद्दल लिहायलाच हवं. इंटरनेटवर "बेस नाही, बेस नाही" म्हणून जी ओरड असते त्यातली निम्मी तरी इयरफोन नीट न बसल्याची असावी असं माझं मत आहे. कानाचं भोक आणि इयरफोनचं रबर यांत केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर त्या फटीतून निसटतात. वरचे सूर तसेच राहतात, त्यामुळे आवाज किरटा आणि टोचरा वाटतो. चू 2 बरोबर तीन मापांची रबरं येतात. माझी पद्धत अशी: तानपुऱ्यावर फक्त खर्जाची तार छेडत राहायचं आणि इयरफोन बोटाने हलकेच आत दाबायचा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला तर रबर लहान पडतंय, मोठं लावा. दाबून काही फरक पडला नाही तर बसलाय. कान मात्र दोन्ही वेगवेगळे तपासा. माझ्या डाव्या कानाला मधलं माप लागतं, उजव्याला मोठं. पुष्कळांचं असंच असतं, आणि दोन्हीकडे एकच माप लावल्यामुळे त्यांना आवाज एका बाजूला कललेला वाटतो.

हा इयरफोन घालायची रीतही निराळी आहे. तार खाली लोंबत सोडायची नाही, ती कानाच्या वरून मागे घ्यायची. आधी इयरफोन कानात ठेवून किंचित फिरवून बसवायचा, मग तार कानामागे. चष्मा असेल तर तार आधी, काडी नंतर. दोन-चार दिवस अवघड वाटतं. फायदा असा की तार कपड्यांवर घासल्याचा खरखराट कानात फारसा येत नाही, आणि मान हलवली तरी इयरफोन सुटत नाही. गाणाऱ्याची मान हलतेच.

आता तानपुरा. माझा तानपुरा मिरजेचा. (मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी आमच्या क्लासमध्ये पेढे वाटले होते.) अ‍ॅपमधला तानपुरा एका ठरावीक नमुन्यावर फिरत असतो, म्हणून मी तपासायला माझ्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेतलं: पंचम, जोड, खर्ज, जवारी मोकळी, तारेखालचा दोरा नीट जागेवर.

तानपुऱ्यात एक गोष्ट ऐकायला मी प्रत्येक विद्यार्थिनीला शिकवते, ती म्हणजे स्वयंभू गंधार. आपण तारा लावतो पंचमाला आणि षड्जाला, गंधाराची तार कुठेच नसते. तरीही खर्ज नीट लागला की त्यातून गंधार उमटतो. त्यामागचं गणित सोपं आहे. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सहायक नादही निघतात. 104 हर्ट्झच्या खर्जाचा पाचवा नाद सुमारे 519 हर्ट्झला येतो, आणि तो म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार, पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. गाण्याच्या मध्यमा परीक्षेत मुली हे पाठ करून लिहितात. कानाने ऐकलेल्या मात्र फार थोड्या असतात.

माझी इयरफोनची पहिली परीक्षा हीच: गंधार ऐकू येतो का? खालचे सूर फुगवलेल्या इयरफोनमध्ये तो खर्जाच्या गरगराटाखाली दबून जातो. बाजारात स्वस्त इयरफोन बहुधा तसेच असतात, कारण दुकानात दहा सेकंद ऐकणाऱ्याला धमधम आवडते. चू 2 मध्ये गंधार ऐकू आला. छेडल्याक्षणी येत नाही, तो तसा येतही नाही. तार छेडल्यावर आधी खर्जाचं अंग, मग त्यावरचा पंचम, आणि मग आवाज विरत जाताना वर तरंगणारा गंधार, हे सगळं क्रमाने उलगडतं. मी डोळे मिटून तीच एक तार पुन्हा पुन्हा ऐकत बसले. या किमतीत एवढं मिळावं याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरी परीक्षा जोडीची. मधल्या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत मिळाल्या नाहीत की आवाजात हेलकावे येतात. फरक अर्ध्या हर्ट्झचा असेल तर मूळ सुरात दोन सेकंदांत एकच हेलकावा येतो, तो नवख्या कानाला कळणं कठीण. पण त्याच तारांच्या दहाव्या नादात हा फरक दसपट होतो, सेकंदाला पाच हेलकावे, आणि ते जवारीच्या झिणझिणाटात स्पष्ट थरथरतात. म्हणून तार मिळवताना जाणकार माणसं वरच्या नादांकडे कान लावतात. मी मुद्दाम तारेतला मणी किंचित सरकवून जोड बिघडवली आणि रेकॉर्ड केली. चू 2 वर थरथर लगेच पकडता आली, आणि कुठल्या तारेमुळे ती येतेय हेही लक्षात आलं. माझ्या दोन मोठ्या विद्यार्थिनींना न सांगता ऐकवलं. दोघींनी दुसऱ्या आवर्तनाच्या आत मान हलवली.

वरचे नाद इतके उघडे ऐकू येण्याचं कारण इयरफोनच्या घडणीत आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची. उघड्या कानात ती 3 हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपणहून मोठे करते. इयरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक मदत बदलते, म्हणून ती वाढ इयरफोनलाच करून द्यावी लागते. किती द्यायची यावर हरमन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ श्रोत्यांना बसवून वर्षानुवर्षं काम केलं, आणि आज चांगले स्वस्त इयरफोन निघतात ते बरेचसे अशा अभ्यासांच्या आधारावर. पंधरा वर्षांपूर्वी या पैशांत असा सूर मिळत नव्हता.

डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे, येऊ. इथे चू 2 चांगला आहे, पण भारावून टाकत नाही. तबलजी "घे" वाजवून मनगट पुढे सरकवतो तेव्हा डग्गा खालून वर बोलत जातो. ती मींड इथे पूर्ण ऐकू येते, नुसता "धप्प" होत नाही. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) "ना" टणक आणि सुटा, लवेवरचा (कडेच्या आतल्या भागावरचा) "तीं" त्यापेक्षा गोल, दोन्ही वेगळे कळतात. झपतालाचा ठेका विलंबितात लावला तर प्रत्येक बोलानंतरची शाईची (मधल्या काळ्या भागाची) आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, ऐकू येते. पण मैफलीत दुसऱ्या रांगेत बसल्यावर डग्ग्याचा घुमारा छातीवर येतो ना, तेवढं भरलेपण यात नाही. ज्यांना ते हवं त्यांनी सेव्हन हर्ट्झचा झीरो 2 ऐकून पाहावा. माझ्या एका विद्यार्थिनीकडे आहे. त्यात खालचा भाग जरा जास्त भरलेला आणि कवच प्लास्टिकचं, त्यामुळे हलकं. तबला शिकणाऱ्या मुलाला मी तोच सुचवीन. गाणाऱ्या मुलीला मात्र चू 2.

पेटी ठीक. सुरांच्या कडा थोड्या जास्त धारदार वाटतात, विशेषतः वरच्या सप्तकात.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मी मुलींना बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँसाहेब ऐकायला लावते. 78 फेऱ्यांच्या त्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि खालचे व वरचे टोकाचे नाद त्यात उतरलेलेच नाहीत. वर जे आहे ती सुईची खरखर. चू 2 वरचा भाग मोकळा ठेवतो, म्हणून खरखरही मोकळी येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलीला ती टोचेल. मी काय करते, तर फोनच्या इक्वलायझरमध्ये शेवटची पट्टी थोडी खाली ओढते. मग गळा पुढे येतो. हिराबाईंची फिरत, आवाजातला तो ठेहराव, शब्द टाकण्याची नजाकत, हे सगळं मधल्या सुरांत असतं आणि ते मधले सूर हा इयरफोन फार स्वच्छ देतो. श्वास कुठे घेतला हे ऐकू येतं. शिकणाऱ्याला याहून मोलाचं काय आहे?

लोकलमध्ये त्याचा निराळाच उपयोग होतो. नीट बसलेलं रबर बाहेरचा बराच गोंगाट अडवतं. गर्दीतल्या गप्पा आणि डब्याचा खडखडाट कमी होतो, रुळांची खालची घरघर मात्र राहते. गोंगाट कमी म्हणजे आवाजही कमी ठेवता येतो, आणि पालकांनो, हे खरंच मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे मोठ्या माणसाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ऐकलेलं चालतं, मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल. 90 डेसिबलला तेच मोठ्या माणसाचे तास फक्त चार उरतात. चू 2 ची संवेदनशीलता एका व्होल्टला 119 डेसिबल दिलेली आहे. म्हणजे व्होल्टचा दहावा हिस्सा मिळाला तरी तो 99 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. कोणत्याही साध्या फोनला हे सहज जमतं, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. म्हणूनच फोनचा आवाज निम्म्याच्या खूप खाली ठेवायची सवय मुलींना पहिल्या दिवसापासून लावा. प्लॅटफॉर्मवर दोन्ही इयरफोन काढूनच ठेवायचे, त्यात तडजोड नको.

गाताना दोन्ही कानांत घालायचा नाही, हे मी वर्गात सतत सांगते. दोन्ही कान बंद झाले की आपलाच आवाज हाडांतून आत घुमतो, जाड आणि भारदस्त वाटतो, आणि आपण सूर नीट लागला अशी समजूत करून घेतो. एका कानात तानपुरा, दुसरा कान उघडा. ऐकताना दोन्ही.

जॅकचं म्हणाल तर पुष्कळ नव्या फोनला 3.5 मिलिमीटरचं भोकच नाही, टाइप-सी डोंगल (फोनला जॅक जोडायचा छोटा तुकडा) लागतं. डोंगल दोन तऱ्हेचे असतात. एकात स्वतःची डीएसी चिप (डिजिटल आवाजाचा इयरफोनला चालेल असा सिग्नल करणारी) असते, दुसरा नुसता तारा जोडून देतो आणि तो सगळ्या फोनांवर चालत नाही. दुकानात "डीएसीवाला द्या" असं स्पष्ट सांगा. लॅपटॉपला लावणार असाल तर शांत जागी हलकी सर्रर ऐकू येण्याची शक्यता आहे. इयरफोन इतका संवेदनशील असला की लॅपटॉपच्या आतला गोंगाटही तो ऐकवतो. डोंगल लावला की बहुधा ते थांबतं. माझ्याकडच्या तारेत माइक नाही, ऑनलाइन क्लाससाठी मी माइकवाली दोन पिनांची तार वेगळी घेतली. पिना लावताना सरळ धरा, तिरक्या घुसवल्या तर वाकतात.

आपल्या दमट हवेत आणि घामात याची निगा राखावी लागते. टोकाची पितळी नळी फिरवून निघते, तिच्यावर बारीक जाळी असते. त्या जाळीवर मळ किंवा ओल बसली की त्या बाजूचा आवाज खाली जातो. कुठल्याही इयरफोनचं हे होतंच. रबरं आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. डबीत औषधाच्या बाटलीतली सिलिकाची एक पुडी टाकून ठेवा. काडी किंवा टाचणी जाळीला लावू नका.

ज्यांना घेण्याआधी ऐकून पाहायचंय त्यांनी शनिवारी मुलीबरोबर क्लासला या. येताना स्वतःचा फोन आणि लागत असेल तर डोंगल आणा. तिन्ही मापांची धुतलेली रबरं माझ्याकडे आहेत, आणि तानपुरा लावलेला असेलच. आधी तो समोर बसून ऐका, मग त्याचंच रेकॉर्डिंग इयरफोनवर.